वांझेच्या मुलाचं उदाहरण

आमच्या घरात 'अशक्य' म्हणायची सोय नव्हती. वडील तर्कशास्त्र शिकवायचे. सकाळी पाठशाळेत आणि दुपारी घरी, नागरवाड्यातल्या आमच्या बिऱ्हाडाच्या पुढच्या खोलीत. दर श्रावणात लांबलांबचे पंडित दक्षिणेसाठी बडोद्याला येत. महाराजांनी नियम घालून दिला होता की आधी परीक्षा, मग दक्षिणा. आणि त्या परीक्षकांत वडील असत. महिनाभर दुसऱ्यांना अडवून अडवून त्यांना ती खोडच जडली होती. बाकीचे अकरा महिने ते आमची परीक्षा घेत. "आज दूध मिळणं अशक्य आहे," असं मी म्हटलं की पोथीतून मान वर न करता विचारायचे, "अशक्य, की तू उठला नाहीस?" बहुतेक वेळा मी उठलेलो नसे. पण असं विचारतं का कुणी आपल्या मुलाला? मला त्याचा तेव्हा राग यायचा आणि, खरं सांगायचं तर, अजूनही येतो.

त्यांच्या मते जगातली निम्मीशिम्मी अशक्यं लटकी होती. कचेरीतला कारकून 'नियमात बसत नाही' म्हणतो तेव्हा त्याला जेवायला घरी जायचं असतं. मांडवीतला वाणी हसून 'नहीं बने, शास्त्रीजी' म्हणतो तेव्हा ते हमखास बनतं, फक्त आपण दुकानाची पायरी उतरायला लागलं पाहिजे. खरं अशक्य वेगळं, असं ते विद्यार्थ्यांना सांगत, आणि त्यासाठी दोन उदाहरणं देत. ती त्यांना त्यांच्या गुरूंनी दिली होती आणि त्या गुरूंना त्यांच्या गुरूंनी. एक सशाचं शिंग आणि दुसरं वांझेचा मुलगा. "सशाला शिंग नाही हे आपण कशावरून म्हणतो? ससे पाहिले म्हणून. उद्या एखादा शिंगवाला ससा निघालाच तर तोंडात बोट घालू, पण त्याला नाही म्हणता येणार नाही. वांझेला मुलगा नाही हे मात्र घरोघर फिरून पाहावं लागत नाही. मुलगा असेल तर ती वांझ नव्हे, आणि ती वांझ असेल तर तो तिचा मुलगा नव्हे. हे असंभव." शेवटचा शब्द उच्चारताना ते आडवा तळहात हवेतून एकदा फिरवत, पाटी पुसावी तसा.

भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं आणि तिथे आत्या असायची.

आत्या ही वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर आठ वर्षं मूल झालं नाही, मग नवरा गेला, मग ती आमच्याकडे आली. माझी आई मी लहान असतानाच वारली होती, त्यामुळे आमचं घर चालत होतं ते आत्याच्या हातावर. दर वर्षी नवे विद्यार्थी येत आणि दर वर्षी तिला भिंतीआडून ते वांझेचं उदाहरण ऐकावं लागे. वडिलांच्या ते गावीही नव्हतं. त्यांच्या लेखी उदाहरणातली वांझ वेगळी आणि घरातली बहीण वेगळी. एकदा ती ताकाचं भांडं घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, आज सशावरच भागवा की. वांझेला जरा विसावा." विद्यार्थी माना खाली घालून हसले. वडील हसले नाहीत. "दोन्ही लागतात गं, भेद दाखवायचा असतो," असं त्यांनी तिला अगदी शांतपणे समजावून सांगितलं.

त्या वेळी तिचा पदर धरून एक पोर मागे उभी होती. ती आत्याला आई म्हणायची.

ही पोर आत्याच्या दिराची. प्लेगच्या एका वर्षी अर्धं बडोदं घरं सोडून शेतांत झोपड्या बांधून राहिलं होतं. आमची झोपडी गोत्रीच्या बाजूला होती आणि शेजारचीच आत्याच्या दिराची. त्याची बायको तिथे बाळंत झाली आणि अकराव्या दिवशी गेली. दीर जेमतेम पंचविशीचा. त्याने ते गाठोडं उचललं आणि आत्याच्या ओटीत ठेवलं. "वहिनी, मला हिचं काही करता यायचं नाही. ही तुमची."

आत्या म्हणाली, "अशी नको, भाऊजी. नीट द्या. उद्या मागाल."

तेव्हा वडिलांनी तांब्यातलं पाणी त्याच्या हातावर घातलं. त्याने ते आत्याच्या हातावर सोडलं आणि "दिली" म्हणाला. आत्या "घेतली" म्हणाली. दत्तकात मुख्य एवढंच असतं, एकाने द्यायचं आणि दुसऱ्याने घ्यायचं. होम नव्हता, भटजी नव्हता, मुहूर्त तर नव्हताच. मी बारा वर्षांचा होतो आणि झोपडीच्या दारात उभा राहून हे सगळं पाहिलं. ते पाणी आत्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, आणि पोर हातात असल्यामुळे तिला ते पुसता येईना.

पुढे दिराला करजणला वहिवाटदाराच्या कचेरीत नोकरी लागली. त्याने दुसरं लग्न केलं, मुलंबाळं झाली. वर्षातून एकदा दिवाळीच्या सुमारास तो येई, फराळ करी, पोरीच्या डोक्यावर हात ठेवी आणि पाचच्या गाडीने परत जाई. पोर तो असेपर्यंत दाराआड लपून राही. तिच्या लेखी आई एकच होती आणि ती आत्या. महाराजांनी मुलींनासुद्धा शाळेची सक्ती केली होती. एकदा गोवर येऊन पोरीची शाळा बुडाली, तेव्हा सरकारी नोटीस आली ती आत्याच्या नावावर. तिच्या नावापुढे 'पालक' असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या कुणी ती नोटीस चुलीत घातली असती. आत्याने ती देवघरात देवांच्या मागे जपून ठेवली. सरकारने आपल्याला लिहून दिलं आहे, असं ती धरून चालली होती.

पोरीला दहावं लागलं आणि करजणहून पत्र आलं. मुलगी मोठी झाली, आता तिला आमच्याकडे पाठवावी. एवढंच. कारण आम्हाला दुसरीकडून कळलं. दिराच्या नव्या बायकोचा भाऊ बिजवर होता, तिशीचा, आणि घरात कुणी बाई नव्हती. आमच्या राज्यात बारा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावायला बंदी होती. पण महाराजांचा कायदा महाराजांच्या हद्दीपुरता. करजणहून गाडीत बसलं की पुढच्या स्टेशनावर इंग्रजांचा मुलूख लागतो. लोक सकाळी जात, अक्षता टाकत आणि जेवायच्या वेळेला परत येत.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. वकिलीच्या सनदेची परीक्षा द्यायची म्हणून एका म्हाताऱ्या गुजराती वकीलसाहेबांच्या हाताखाली अर्ज लिहायचं काम करत होतो. मला वाटलं, यात आहे काय? दिली, घेतली, मी डोळ्यांनी पाहिलं. मी झटक्यात अर्ज लिहून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "दीकरीनुं दत्तक न होय, भाई." मुलीचं दत्तक होत नाही म्हणे.

"पण मी पाहिलंय, साहेब."

"तें जोयुं ए साचुं. पण कायदाए नथी जोयुं." म्हणजे मी पाहिलं ते खरं, पण कायद्याने पाहिलं नव्हतं.

मी चिडून बराच वेळ बडबडलो. ते ऐकून घेत बसले. मग त्यांनी मला पायरी-पायरीने समजावलं. दत्तक असतो तो मुलगा. आपल्या प्रांतात जो ग्रंथ चालतो त्यात मुलीला जागा नाही. पण आणखी एक जुना ग्रंथकार आहे, तो म्हणतो मुलगीही घेता येते. म्हणजे मतभेद आहे. मतभेद आहे एवढं कोर्टाच्या कागदावर आलं, आणि तेही शास्त्रीजींच्या तोंडून, की दार किलकिलं होईल. बाकी ते पाहून घेतील. शास्त्रीजींनी फक्त तीन गोष्टी सांगायच्या: त्याने दिली, हिने घेतली, मी पाहिलं. शास्त्राचं कोणी विचारलंच तर 'यात मतभेद आहे' म्हणायचं आणि थांबायचं. ते थांबायचं त्यांनी दोनदा सांगितलं.

आठवडाभर मी वडिलांची उजळणी घेतली. आयुष्यभर ज्यांनी माझी परीक्षा घेतली त्यांची परीक्षा घ्यायला मला मजा आली, हे कबूल करतो. "शास्त्रात हे बसतं का?" मी विचारायचो. "यात मतभेद आहे," ते म्हणायचे आणि पुढे काही सांगायला तोंड उघडायचे. "थांबा, अण्णा." मग ते थांबायचे. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची. तिला ते तीन शब्द इतके पाठ झाले होते की वडिलांच्या आधी तिचेच ओठ हलायचे.

कोर्टात पहिल्या दिवशी लग्नाचा मुद्दा निघाला. वकीलसाहेबांनी सांगितलं की मुलीला हद्दीबाहेर नेऊन उजवण्याचा बेत आहे. न्यायाधीशांनी विचारलं, लग्न झालं आहे का? नाही, पण होईल. जे झालं नाही त्याचा पुरावा काय? नाही, साहेब. आणि झालं तर, वकीलसाहेबांनी विचारलं. झालं तर दंड होईल. लग्न मात्र मोडत नाही. म्हणजे होण्याआधी तक्रार नाही आणि झाल्यावर उपाय नाही. मला मागच्या बाकावर हसू फुटलं आणि पट्टेवाल्याने डोळे वटारले. मग आमची शाळेची नोटीस पुढे झाली. न्यायाधीशांनी सांगितलं, शाळेच्या नियमात पालक म्हणजे मूल ज्याच्या घरी राहतं तो. त्यावरून मूल त्याचं ठरत नाही. शाळा बुडाली तर जाब आत्याने द्यायचा, आणि पोर मात्र तिची नाही. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. ते तसंच पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी वडिलांची साक्ष होती. कोर्टाच्या व्हरांड्यात विरुद्ध बाजूचा वकील त्यांच्या पाया पडला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. आमच्या पुढच्या खोलीत दोन वर्षं बसला होता, आत्याच्या हातचं ताक प्यायला होता. वडिलांचा चेहरा खुलला. "याची बुद्धी फार तल्लख होती," ते मला म्हणाले. आपण कुठे आणि कशासाठी आलो आहोत हे ते क्षणभर विसरले होते. मला तेव्हाच धसका बसायला हवा होता.

आमच्या बाजूचे तीनही प्रश्न ठरल्याप्रमाणे झाले. त्याने दिली. हिने घेतली. मी पाहिलं. शास्त्राचं? यात मतभेद आहे. वडील थांबले. मी श्वास सोडला. मग तो विद्यार्थी उठला. त्याने वकिली आवाज लावला नाही. हात जोडले आणि म्हणाला, "गुरुजी, एक शंका आहे."

मी वडिलांकडे पाहिलं. ते पुढे सरकून बसले होते.

"दत्तक म्हणजे काय?"

"पुत्राचा प्रतिनिधी."

"तर मग कन्येने पुत्राचा प्रतिनिधी होणं, हे सशाच्या शिंगासारखं की वांझेच्या मुलासारखं?"

प्रश्न इतका नेमका होता की वडिलांच्या तोंडावर समाधान दिसलं. मी ते पाहिलं, आणि त्याबद्दल मी त्यांना कधी माफ केलं नाही. त्यांच्या शास्त्रात वादाला बसलेल्या माणसाने विचारलेल्या प्रश्नावर गप्प राहणं ही सरळसरळ हार असते. तीस वर्षं त्यांनी विद्यार्थ्यांना तेच शिकवलं होतं. वकीलसाहेब खोकले. मी जागेवरून अर्धा उठलो. वडील म्हणाले, "वांझेच्या मुलासारखं. असंभव." आणि त्यांचा आडवा तळहात हवेतून फिरला.

तो खाली येईपर्यंत त्यांना कळलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "पण," ते घाईघाईने म्हणाले, "पण यावरून ती हिची मुलगी नाही असं निघत नाही. दत्तक नसेल. मुलगी आहे. हे दोन वेगळे..."

न्यायाधीशांनी त्यांना विचारलं तेवढ्यावरच थांबवलं, "शास्त्रीजी, जेटलुं पूछ्युं एटलुं ज." लिहून घेणाऱ्या कारकुनाने टाक दौतीच्या कडेला टेकवून ठेवला होता. वडील त्या टाकाकडे बघत राहिले. पुढचं बोलणं त्यांच्या तोंडातच राहिलं, आणि त्यांना खाली उतरायला सांगण्यात आलं. बाहेर तो विद्यार्थी पुन्हा पाया पडला. वडिलांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला आशीर्वाद दिला.

घरी परतताना आम्ही सुरसागराच्या काठाने चालत होतो. मग वडील म्हणाले, "प्रश्न बरोबर होता त्याचा."

"मतभेद आहे म्हणून थांबायचं ठरलं होतं."

"ते मी म्हटलं. पण ते दुसरं मत मला चूक वाटतं. मी तसंच शिकवत आलो आहे."

"खोटं कोण बोला म्हणत होतं? फक्त गप्प बसायचं होतं."

"मला गप्प बसता आलं नाही."

"अशक्य होतं, अण्णा," मी विचारलं, "की बसला नाहीत?"

ते तळ्याकडे पाहत चालत राहिले. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांना उत्तर न सुचलेलं मी पाहिलं ते तेव्हाच, आणि मला त्यात काडीचाही आनंद झाला नाही. घरी आल्यावर त्यांनी आत्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द न गाळता. "माझं चुकलं," असंही म्हणाले. आत्या गहू निवडत होती. "तुमचं काय चुकायचं, दादा. तुम्ही शिकवता तेच बोललात," ती म्हणाली आणि ताट जरा उजेडाकडे सरकवलं.

निकाल आला. मुलगी आठ दिवसांत बापाच्या ताब्यात द्यावी. त्या आठ दिवसांत वडिलांनी पाठशाळेतून रजा घेतली आणि घरातल्या सगळ्या पोथ्या उलगडल्या. त्यांना आता त्या दुसऱ्या ग्रंथकाराचं म्हणणं खरं करून दाखवायचं होतं. जेवायला हाक मारली तरी उठत नसत. मधूनच कागदावर काही लिहीत, खोडत. आत्या त्यांच्या भोवतीने झाडून काढायची. पोर त्यांना शाई घोटून द्यायची; हे आपल्यासाठीच चाललं आहे हे तिला माहीत होतं की नाही, देव जाणे. शेजारच्या गुजराती बाई रोज येऊन आत्याला सांगायच्या, "बेन, छोकरीने न मोकलशो." जणू पाठवणं न पाठवणं तिच्या हातात होतं. आत्या त्यांना पानसुपारी द्यायची.

पोरीला पोचवायला मी गेलो. वडिलांना जमणार नव्हतं आणि आत्याला कुणी जा म्हणणार नव्हतं. गाडीत ती खिडकीशी बसली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मी गेले नाही तर काय होईल, दादा?"

"कोर्टाचा बेलिफ येईल."

"आणि मग?"

"मग तो तुला घेऊन जाईल."

"म्हणजे जावंच लागतं," ती म्हणाली. शास्त्र्याच्या घरात वाढलेली पोर. तिने पुढे विचारलं नाही. गाडी करजणला थांबली. ती पुढे सुरतेला, मुंबईला जाणार होती. बसून राहिलो असतो तर कुणी उठवलं नसतं. दोन तिकिटं आणखी काढता आली असती, कुठे तरी शिक्षक म्हणून राहता आलं असतं, पोरीला बहीण म्हणून वाढवता आलं असतं. हे मी त्या वेळी मिनिटभर मनात घोळवलं. कुठल्याही शास्त्राने हे असंभव ठरवलं नसतं. मग मी तिचं बोचकं उचललं आणि खाली उतरलो. माझी सनदेची परीक्षा दोन महिन्यांवर होती.

परत आलो तर वडील दारातच उभे. त्यांना सापडलं होतं. प्रतिनिधी हा मुळासारखा सगळ्याच बाबतींत असावा लागत नाही, ज्या कामासाठी नेमला त्या कामापुरता असला की झालं. मग कन्याही होऊ शकते. मग त्या दिवशीचं आपलं उत्तर सदोष होतं. त्यांनी ते आत्याला बसवून समजावून सांगितलं. मला त्यांच्या हातातले कागद हिसकावून घ्यावेसे वाटले. आत्याने मात्र शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बरं झालं, दादा, सापडलं ते." वकीलसाहेबांना मी ते कागद दाखवले. ते वाचून त्यांनी मान डोलावली, सुंदर आहे म्हणाले, आणि परत दिले. अपिलात नवी साक्ष होत नाही.

लग्न तुळशी विवाहानंतर झालं, हद्दीच्या पलीकडे. आम्हाला चार दिवसांनी पत्राने कळलं. मुलगी लहान म्हणून आणखी काही वर्षं बापाकडेच राहणार होती. संक्रांत आली तेव्हा आत्याने ठरवलं की आपण करजणला जायचं. लग्नानंतरची पहिली संक्रांत, पोरीला हलव्याचे दागिने पाहिजेत. ती पंधरा दिवस शेगडीपुढे बसून परातीत तीळ हलवत होती. बोटांची टोकं पोळून लाल झाली होती. हार, बांगड्या, बिंदी, सगळं तिने केलं. विधवेने ते सवाशिणीच्या अंगावर घालायचे नसतात, ते तिला माहीत होतं. "घालायला तिथे आहे की तिची आई," ती म्हणाली. हा शब्द तिने इतक्या सहज उच्चारला की मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

गाडीत तिने डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. दिराच्या घरी आम्ही दुपारी पोचलो. दीर कचेरीत होता. त्याच्या बायकोने दार उघडलं, या म्हणाली, आत हाक मारली. पोर बाहेर आली. लुगडं नेसली होती, कपाळावर मोठं कुंकू, आणि तीन महिन्यांत बरीच वाळली होती. ती दाराच्या चौकटीशी थांबली. आधी तिने त्या बाईकडे पाहिलं आणि मग आत्याकडे.

"काकू, बसा," ती म्हणाली. "पाणी आणते."

बापाच्या भावाची बायको म्हणजे काकूच. नात्याने बरोबर, कायद्याने बरोबर, शास्त्रानेही बरोबर. कुणी तरी तिच्याकडून ते घोटून घेतलं असणार, कारण ती एका दमात बोलली. आत्या खाली बसली. तिने मान हलवली नाही, हूं केलं नाही. पोर जरा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग पाणी आणायला गेली. डबा त्या बाईने घेतला, कशाला एवढा त्रास म्हणाली, चांगली माणुसकीने बोलली. आम्ही अर्धा तास होतो. पोर खांबाला टेकून उभी होती आणि आत्याकडे पुन्हा पुन्हा बघत होती. आत्या जमिनीकडे बघत होती. निघताना पोरीने आम्हाला दोघांना वाकून नमस्कार केला. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. आत्या बाकावर न बसता खाली भिंतीला टेकून बसली. मला वाटलं ती रडेल. मी धीर द्यायला शब्द जुळवत होतो.

"तिने मला हाक मारली ना रे?" ती म्हणाली.

"हो."

"मला ओ देता आली नाही. तोंड उघडलं होतं मी. ओ म्हणायला काय लागतं? पण मला ती येईचना." ती आपल्या पोळलेल्या बोटांकडे बघत होती. "तिला वाटलं असेल मी रागावले तिच्यावर."

मी म्हटलं, अजून वेळ आहे, मी पळत जाऊन तिला सांगून येतो.

"काय सांगशील?" आत्या म्हणाली. "ती बाई शेजारीच असेल उभी."

गाडी आली, तेव्हा मी तिचा हात धरून तिला डब्यात चढवलं. बडोदं येईपर्यंत ती मला एकच गोष्ट विचारत राहिली, आपण निघालो तेव्हा पोर दारात उभी होती की आत गेली होती. आणि मी मागे वळून पाहिलं नव्हतं.